दारापर्यंत गाडी

केरबानं काठी बोळात आडवी धरली. एक टोक समोरच्या भिंतीला टेकलं, दुसरं कृष्णाताच्या ओट्यावर चढून बसलं. काठी उचलून तो मागं गेला आणि पुन्हा धरली. तिथं ती मोकळी फिरली. परत पुढं आला, परत धरली. परत ओट्यावर चढली.

ओट्यावर बसलेला कृष्णात मघापासून हे बघत होता. वाचता वाचता पेपर मांडीवर ठेवून तो म्हणाला, "दादा, साप हुडकतुयास का काय?"

"गाडी न्यायला वाट हुडकतुय," केरबा म्हणाला. "ही काठी म्हंजी हंबीरच्या गाडीची रुंदी हाय. सगळ्या बोळातनं जातीया आनि तुझ्या ओट्यापशी अडतीया."

पेपर ऐकायला बसलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, काठी थोडी तासून घ्या ड्रायव्हर, जाईल. केरबा हसला नाही. काठी भिंतीला उभी करून तो धाकट्या भावाच्या ओट्याकडं असा बघत राहिला, जसा घाटात समोरून आलेल्या ट्रककडं बघायचा.

केरबाचा जन्म एस्टीत गेला. साताऱ्याच्या डेपोतून गाडी काढायची, कधी महाबळेश्वरचा घाट, कधी वडूजची धूळ. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या वाटेवर धुकं असं उतरायचं की कंडक्टर खाली उतरून पुढं चालायचा आणि त्याच्या पांढऱ्या टोपीमागं केरबा गाडी घ्यायचा. गावाला मुक्कामी गाडी असली की ती वेशीत उभी करायची आणि पिशवी खांद्याला लावून या बोळातनं घरी चालत यायचं. गाडी लोकांची. ती वेशीतच शोभायची.

त्याचा एकुलता एक मुलगा हंबीर सांगलीला इंजिनियर झाला आणि तिथनं विलायतेला गेला. जाताना दोन वर्षं म्हणाला होता. मग लग्नापुरता आला, तासगावकडची मुलगी करून घेऊन गेला, तिकडं त्याला मुलगा झाला. मनुबाईनं नातवाचं तोंड फोटोत बघितलं. बहात्तरचा दुष्काळ आला आणि गेला. आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात हंबीरचं पत्र आलं की आम्ही कायमचे परत येतोय. सांगलीचा नेमिनाथ, त्याच्या कॉलेजातला मित्र, त्याच्याबरोबर पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना काढणार. आणि माझी गाडी मी बोटीनं पुढं पाठवतोय.

परदेशात राहून कायमचं माघारी येणाऱ्या माणसाला आपल्या वापरातली एक गाडी सरकार आणू देतं, पण त्यानं स्वतः येऊन, जकात भरून ती सोडवून घ्यायची, हे नेमिनाथनं केरबाला सांगलीत आपल्या दुकानात बसवून नीट समजावून सांगितलं होतं. केरबानं मान डोलावली होती. पण त्याच्या मनात त्यातलं एवढंच राहिलं की गाडी निघाली. एस्टीच्या माणसाचा एक हिशेब असतो. ज्याचं बोचकं टपावर चढलं तो माणूस गाडीत बसलाच. तिकीट काढून कुणी मागं राहील, बायकोशी भांडून कुणी फाट्यावरनं परत फिरेल, पण बोचकं टपावर चढवून मागं राहिलेला माणूस केरबानं सगळ्या नोकरीत बघितला नव्हता.

मनुबाईचा हिशेब वेगळा होता. ती म्हणाली, "पोरगं दारात आलं म्हंजी आलं म्हनावं. लोखंड आलं म्हून काय हुतंय?"

"तुला काय कळतंय," केरबा म्हणाला, आणि म्हैस गोठ्यातनं सोडून परड्यात नेऊन बांधली. गोठा आता गाडीला लागणार होता.

मग राहिला हा ओटा.

बोळाच्या तोंडापासून केरबाच्या घरापर्यंत जाताना मध्ये डाव्या हाताला कृष्णाताचं घर. पूर्वी दोन्ही घरं एकच होती, वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये भिंत आली. कृष्णाताच्या बाजूचं जोतं उंच, जवळजवळ माणसाच्या कमरेइतकं, कारण तिकडं ओढ्याचं पाणी चढायचं. उंबऱ्याला लागून दगडी ओटा आणि ओट्याला पायऱ्या. कृष्णात लष्करात होता. पासष्टच्या लढाईत त्याचा उजवा गुडघा गेला, पाय राहिला पण वाकेना झाला. तेव्हापासून पेन्शन, वाट्यानं लावलेली शेती आणि हा ओटा, एवढाच त्याचा पसारा. सकाळच्या एस्टीनं पेपर यायचा. कृष्णात तो मोठ्यानं वाचायचा, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं ते, आणि ज्यांना येत होतं तेही, येऊन बसायचे. तंबाखू निघायची. कुणाची बांधावरची भांडणं तिथंच मिटायची. अंबूबाई, त्याची बायको, आतनं चहाची कपबशी दाराच्या फटीतनं पुढं सरकवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण त्या घरात माणसांची ये-जा केरबाच्या घरापेक्षा जास्त होती.

त्या दिवशी केरबानं सगळ्यांदेखतच विषय काढला. ओटा फोडावा लागेल म्हणाला.

कृष्णातानं ओट्याच्या कडेवरनं हात फिरवला. "फोडू की," तो म्हणाला. "गाडी तर येऊ दे. आली म्हंजी घटकाभर वेशीत उभी ऱ्हाईल, चार पोरं लावू आनि फोडू. ओटा कुटं पळून जातुय?"

यात वावगं काही नव्हतं. बसलेल्या माणसांनीही माना हलवल्या. पण केरबाच्या डोळ्यांपुढं कितीतरी दिवस एक चित्र होतं. हंबीर शेजारी बसलाय, सून आणि नातू मागं, स्वतः केरबा चाकावर, आणि गाडी वेशीतनं आत येते ती न थांबता सरळ दारात. मनुबाई भाकरतुकडा ओवाळून टाकते. त्या चित्रात गाडी वेशीत थांबत नव्हती.

"जल्मभर मी लोकाची गाडी वेशीत लावली," तो म्हणाला. "माझी गाडी वेशीत थांबायची न्हाई. ती दारात यायला पायजे."

"अरं, येळभर थांबली तर काय झिजंल का ती?"

कृष्णात हसून बोलला होता. केरबाला ते हसणं लागलं. का लागलं ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. उन्हात काठी घेऊन फिरत होता, माणसं हसली होती, सकाळी मनुबाईनं टोचलं होतं, असं सगळं असेल. तो म्हणाला,

"तुला मूलबाळ न्हाई, कृष्णा. पोर घरला येतंय म्हंजी काय असतंय, ते तुला कळायचं न्हाई."

दाराच्या फटीत कपबशी वाजली. बसलेली माणसं एकेक करून उठली, कुणाला म्हशीला पाणी दाखवायचं होतं, कुणाला वैरण काढायची होती. कृष्णातानं पेपराची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडली, आणि मांडीखाली ठेवली. केरबा काठी घेऊन घरी गेला.

उन्हं कलली तेव्हा पहारीचा आवाज आला. केरबा बाहेर येऊन बघतो तर कृष्णात ओट्यावर बसला होता, वाकत नसलेला पाय पुढं लांब करून, आणि दोन्ही हातांनी पहार धरून स्वतःच ओटा फोडत होता. बाहेरच्या कडेचा दगड निखळला की पायानं ढकलून खाली टाकायचा, आणि तेवढं मागं सरायचं. पुढचा दगड, पुन्हा मागं. बसायला जागा कमी कमी होत चालली होती.

"आरं, मान्सं लावली असती," केरबा म्हणाला.

"सरक बाजूला," कृष्णात म्हणाला. "दगूड लागंल."

केरबा सरकला. कृष्णात मागं सरत सरत उंबऱ्याला टेकला तेव्हा त्यानं पहार खाली टाकली आणि उंबरा धरून आत घसटत गेला. दुसऱ्या दिवशी केरबानं दगड उचलून नेले आणि गोठ्यात गाडी उभी करायला फरशी करून टाकली. काठी आडवी धरून बघितली. बोळात कुठंही अडली नाही.

ओटा गेल्यावर कृष्णाताचं दार भिंतीला टांगल्यासारखं दिसायला लागलं. उंबऱ्यावरनं खाली थेट बोळ. केरबानंच सांगितलं होतं की खाली पायरीचा दगड ठेवू नका, चाक घासेल. मग अंबूबाईनं एक लाकडी खोकं आणलं. उतरायचं तेव्हा खाली ठेवायचं, मग आत उचलून घ्यायचं. तिचं त्याच्यावर भागलं. कृष्णाताचं भागेना. एक पाय न वाकणारा आणि खोकं डुगडुगणारं. तो दारात आतल्या बाजूला पोत्यावर बसून पेपर वाचायला लागला. ऐकणारे बोळात उभे राहायचे. उभ्या माणसाला किती वेळ ऐकवेल? पाय दुखायला लागले की माणूस म्हणतो, येतो गड्या. पुढं पुढं पेपर मारुतीच्या पारावर जायला लागला. तिथं शाळेचे मास्तर वाचायचे. कृष्णाताला पारापर्यंत जाता येत नव्हतं.

केरबा रोज त्या दारावरनं जायचा. आत बघायचा नाही.

पाऊस सरला आणि गाडी मुंबईला उतरल्याचा निरोप नेमिनाथकडनं आला. हंबीरची तारीख अजून कळली नव्हती, पण केरबाला दम निघेना. त्यानं धोतर-सदरा इस्त्री करून घेतला, पिशवीत नारळ घेतला, लिंबं घेतली, आणि साताऱ्याला नेमिनाथला गाठून दोघं मुंबईला गेले. वाटेत केरबा बोलत होता आणि नेमिनाथ ऐकत होता. हा पोरगा एरवी बोलका. मोठा झाला तरी केरबाला तो हंबीरबरोबर सुट्टीत येऊन मनुबाईच्या हातचं पिठलं खाणारा पोरगाच वाटायचा. त्या दिवशी घाट उतरेपर्यंत त्यानं दोनदाच तोंड उघडलं, तेही केरबाला चहा हवा का विचारायला.

गोदीत एका लांबलचक शेडमध्ये गाड्या ओळीनं उभ्या होत्या. कामं बघणारा दलाल त्यांना घेऊन गेला. हंबीरची गाडी हिरवी, मॉरिस. बोटीवरचं मीठ आणि शेडची धूळ बसून काचा पांढऱ्या झाल्या होत्या. केरबानं आधी चाकं बघितली, मग खाली वाकून इंजिनाखाली तेल गळतंय का ते बघितलं. मग राखणदाराला विनवून तो आत बसला. चालवायची नाही, नुसतं बसायचं, या बोलीवर.

स्टिअरिंगच्या चाकाचा रबर हातांनी झिजून गुळगुळीत झाला होता. हे हंबीरचे हात. केरबानं त्याच जागी आपले हात ठेवले. क्लच दाबून बघितला, हलका होता. एवढा हलका क्लच त्यानं कधी बघितला नव्हता. काचेतनं समोर दुसरी एक गाडी होती आणि तिच्यात मागच्या सीटवर, टपावर, सगळीकडं सामान भरलं होतं. गाद्या, सायकल, मुलांचा पाळणा. तिच्या पलीकडच्या गाडीतही तसंच. केरबानं मागं वळून आपल्या गाडीत बघितलं. सीट रिकामी होती. एक चादरसुद्धा नव्हती.

तो बराच वेळ बसला. मग काच खाली करून त्यानं नेमिनाथला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हंबीर कवा येतुय?"

नेमिनाथनं दलालाकडं बघितलं. दलाल बाजूला झाला.

"काका, तुमास्नी कसं सांगू म्हणून मी सगळ्या वाटंनं गप बसलो," नेमिनाथ म्हणाला. "हंबीर येत नाही. गाडी बोटीवर चढवली तवा त्याचा बेत पक्का होता. मागनं तिकडं त्याला वरच्या जागंवर घेतलं. पोराची शाळा, घर, सगळं तिकडंच जमलं म्हणतो. तुमाला लिहायला त्याचा हात होईना. मला लिहिलं."

"आनि गाडी?"

"तो कायमचा आल्याशिवाय सुटत नाही. मी सोडवू म्हटलं तरी नाही, तुमी म्हटलं तरी नाही. मुदत सरली की लिलाव."

"माघारी न्यावी की मग."

"न्यायला परवडत नाही. लिहिलंय त्यानं, जाऊ दे म्हणून."

केरबानं काच वर केली. आत बसूनच त्यानं धोतराच्या सोग्यानं समोरची काच पुसली. आतनं पुसली ती स्वच्छ झाली, पण मळ बाहेरनं होता. मग तो उतरला, बाहेरनंही पुसली, आणि दार हळू लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

"बोचकं टपावर चढलं आनि मानूस फाट्यावरच ऱ्हायला म्हन की," तो म्हणाला. नेमिनाथला ते कळलं नाही, पण त्यानं केरबाच्या हातातली पिशवी घेतली.

घरी आल्यावर मनुबाईनं पिशवी रिकामी केली. नारळ जसाच्या तसा निघाला. तिनं तो हातात घेऊन थोडा वेळ बघितला आणि देवळीत ठेवून दिला. चुलीपुढं बसली आणि जाळ नसताना फुंकत राहिली.

गावाला मात्र सांगणं भाग होतं. वेशीत माणसांनी घेरलं तेव्हा केरबाच्या तोंडून आपसूक निघून गेलं होतं की कागदपत्रं व्हायची आहेत, दिवाळीनंतर येईल. एकदा निघालेलं वाक्य मग रोज तेच निघायला लागलं. गावात खोटं बोलणं त्याला जड गेलं नाही. जड होतं ते बोळातलं एक दार.

कृष्णातानं त्याला पहिल्याच दिवशी दारातनं हाक मारली होती.

"बगितलीस का, दादा?"

"बगितली."

"रंग कसला?"

"हिरवा. बाभळीच्या पाल्यागत."

"बसलास?"

"बसलो की."

"लय बेस झालं," कृष्णात म्हणाला.

केरबा खाली बोळात उभा आणि कृष्णात वर पोत्यावर. मधे ओटा असता तर केरबा त्यावर टेकला असता, तंबाखू काढली असती, आणि टेकलेल्या माणसाला जे बोलता येतं ते बोलून गेला असता. उभ्यानं ते होईना. येतो, म्हणून तो निघाला.

दिवाळी गेली. केरबानं एक दिवस गवंडी आणला आणि बैलगाडीभर दगड आणले. गोठ्यातली फरशी उखडून जुने दगड काढणं त्याच्यानं झालं नव्हतं. गवंड्याला घेऊन तो कृष्णाताच्या दारापुढं आला आणि म्हणाला, गाडीला जरा वेळ आहे, तवर ओटा बांधून घेऊ. बोळात दोघं-तिघं थांबले. गवंड्यानं ओळंबा काढला.

कृष्णात दाराची चौकट धरून उभा राहिला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे, दादा. गाडी आली म्हंजी परत फोडावा लागंल."

केरबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा आहे की काय आहे ते कळेना. चेहरा लष्करातल्या माणसाचा, सरळ. त्याच वेळी सगळ्यांदेखत सांगून टाकायचं होतं, की गाडी येत नाही, कधीच येत नाही, बांधू दे. तेवढ्यानं काम झालं असतं. केरबानं गवंड्याला हातानं खूण केली आणि बैलगाडी परत फिरवली.

थंडी सरता सरता कृष्णाताच्या छातीत दुखायला लागलं. आधी त्यानं सांगितलं नाही. मग एका सकाळी श्वास पुरेना तेव्हा अंबूबाईनं शेजारच्या भिंतीवर तांब्या आपटला. वडूजच्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, मिरजेला न्या, उशीर करू नका. गावात मानसिंग रस्त्याची कंत्राटं घ्यायचा, त्याच्याकडं जीप होती. केरबानं ती मागितली आणि स्वतःच चाकावर बसला.

वेशीतनं जीप बोळात घातली. दोन्हीकडच्या भिंती आरशाला लागतील न लागतील अशा जात होत्या. भिंतींकडं न बघता केरबानं ती कृष्णाताच्या उंबऱ्याला घासून उभी केली. पुढची सीट आणि उंबरा जवळजवळ एका उंचीवर आले. कृष्णाताला उचलावं लागलं नाही. तो चौकट धरून वळला आणि सीटवर बसला. न वाकणारा पाय खाली लोंबायला लागला, म्हणून अंबूबाईनं ते लाकडी खोकं आतनं दिलं आणि केरबानं ते त्याच्या पायाखाली सरकवलं.

मागनं कुणीतरी म्हणालं, बरं झालं बाबा, ओटा फोडला ते, न्हाईतर जीप आली नसती.

कृष्णात धापा टाकत होता, तरी त्यानं केरबाकडं मान वळवली. "आली बग," तो म्हणाला, "गाडी दारात."

अंबूबाईला यायचं होतं. कृष्णात तिला म्हणाला, म्हैस व्यायला झालीय, तू घर सोडू नको, मी चार दिवसांत माघारी येतो. मानसिंग दुसऱ्या दिवशी एस्टीनं येणार होता. दोघं भाऊच निघाले.

मायणी गेली. केरबा खड्डा चुकवून, रस्त्याच्या कडेला एक चाक घालून, जमेल तेवढी संथ गाडी घेत होता. विटा मागं पडलं आणि रस्ता जरा बरा लागला. कृष्णाताचा श्वास थोडा खाली बसला होता. समोर बघतच केरबा म्हणाला,

"कृष्णा, ती गाडी येत न्हाई."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"तू मुंबईस्नं आलास तवापासनं. खरंच येनार असती तर मी रंग इचारायची तू वाट बगितली असतीस व्हय? वेशीतनं वरडत आला असतास."

केरबानं गिअर बदलला.

"मग ओटा का बांदू दिला न्हाईस?"

"गवंड्याम्होरं तुझं हसं झालं असतं," कृष्णात म्हणाला. मग श्वास घेऊन म्हणाला, "आनि राग बी हुता. दोन्ही हुतं."

आणखी एक गोष्ट राहिली होती. ओटा दगडांचा होता, पुन्हा बांधता आला असता. पण त्या दिवशी सगळ्यांदेखत, अंबूबाईच्या कानांवर, जे बोललो ते. केरबानं तोंड उघडलं. कृष्णातानं डोळे मिटून मान सीटला टेकवली होती. तासगावच्या द्राक्षांच्या बागा दोन्ही बाजूंना लागल्या होत्या. बोलण्यानं त्याला शीण होईल, केरबाला वाटलं. येताना बोलू. येताना तब्येत बरी असेल, एखाद्या झाडाखाली गाडी उभी करू, चहा घेऊ आणि बोलू.

मिरजेच्या दवाखान्यात कृष्णाताला ताबडतोब आत घेतलं. केरबा बाहेर बाकावर बसून राहिला. मानसिंग आला, सांगलीहून नेमिनाथ आला. नेमिनाथ डबा घेऊन यायचा आणि शेजारी बसायचा. आत सोडत तेव्हा कृष्णाताच्या नाकाला नळी असायची, आणि केरबा त्याच्या पायाशी उभा राहून तो वाकत नसलेला पाय पांघरुणावरनं दाबायचा. नर्स एकदा म्हणाली, आजोबा, त्या पायाला काही झालेलं नाही. केरबा म्हणाला, ठावं हाय बाई.

बोलायची वेळ आली नाही. कृष्णात गेला तेव्हा केरबा खाली नळावर तोंड धुवायला गेला होता.

येताना मानसिंग म्हणाला, मी चालवतो, तुम्ही मागं बसा. केरबानं चावी दिली नाही. नेमिनाथ आणि मानसिंग मागं कृष्णाताजवळ बसले. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्या पुढं ते लाकडी खोकं तसंच होतं.

गावात निरोप आधीच पोचला होता. वेशीत माणसं उभी होती. त्यांनी वाट करून दिली आणि जीप बोळात शिरली. या वेळी केरबानं ती कृष्णाताच्या दाराच्या जरा अलीकडंच थांबवली. जीपनं सगळा बोळ भरून गेला. मागनं येणाऱ्या बायका तिच्या पाठीमागं अडकल्या आणि तिथनंच त्यांचा आवाज उठला.

केरबा एकटाच खाली उतरला आणि दारापुढं आला.

वर उंबऱ्यात अंबूबाई उभी होती. मागं मनुबाई तिचा दंड धरून होती. अंबूबाईनं जीपकडं बघितलं, मग आपल्या पायांखाली बघितलं. खाली कमरेइतकं मोकळं होतं, खोकं जीपमध्येच होतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून थोरल्या दिरासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की कधी त्याच्याशी समोरासमोर शब्द बोलली नव्हती. त्याच्या ताटात वाढायचं तरी ती मनुबाईच्या हातून वाढायची. हे केरबालाही माहीत होतं. तरी तो पुढं झाला, उंबऱ्याखाली पाठ वाकवून उभा राहिला आणि खांदा वर केला, तिनं हात ठेवून उतरावं म्हणून.

अंबूबाई क्षणभर थांबली. मग तिनं मनुबाईच्या हातातनं दंड सोडवून घेतला. पदर तोंडावर पुढं ओढला. ती पाठमोरी झाली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी उंबरा धरला आणि लहान मूल उतरतं तशी पाय खाली सोडून जमीन चाचपडायला लागली.

केरबानं खांदा खाली घेतला. तिचे पाय जमिनीला लागेपर्यंत तो समोरच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.